फुगडीचा संघ आणि फिजिक्सचा पेपर

लातुरात त्या काळी बारावी दोनदा करण्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. पहिल्या खेपेला मेडिकल हुकलं की पोरगी ‘रिपीट’ करायची, म्हणजे पुन्हा क्लास लावायची, पुन्हा पेपर द्यायची. वर्ष वाया गेलं असं नातेवाइकांनी म्हणू नये म्हणून एखाद्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव तेवढं घालून ठेवायचं. नाव कॉलेजात आणि पोरगी क्लासच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कॉलेजवाल्यांनाही हे ठाऊक होतं. त्यांच्या हजेरीपटावर अशा कितीतरी जणी होत्या, ज्यांचं तोंड तिथल्या शिपायानंही पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्यातलीच एक. वडिलांचं मुरुडला भुसार मालाचं दुकान, घराण्यात कुणी डॉक्टर नाही, आणि माझे मार्क मेडिकलच्या दारापर्यंत जाऊन परत आलेले. वडील गिऱ्हाइकाला जोंधळे मोजून देता देता सांगत, "पोरगी यंदा डॉक्टर व्हायली." मी शनिवारी घरी गेले की ती गिऱ्हाइकं मला आपली दुखणी सांगायला लागत.

वसतिगृहात माझ्या खोलीत जी मुलगी होती तीही रिपीटर आणि तीही माझ्याच कॉलेजात कागदोपत्री. तिला मी इथं जोडीदारीणच म्हणते, कारण पुढं फुगडीत ती माझी जोडीदारीण झाली आणि मला ती तशीच आठवते. ती पुनर्वसनातल्या एका गावची. भूकंपाच्या पहाटे तिची आई आणि धाकटा भाऊ गेले. तिला दुपारी ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, ते त्या दिवशी परगावी होते म्हणून राहिले. कुणी विचारलं तर हे सगळं ती पत्ता सांगावा तसं सांगायची आणि लगेच विचारायची, "तुझ्याकडं केमिस्ट्रीच्या नोट्स हायत का?" त्यामुळं कुणाला हळहळायला सवडच मिळत नसे.

अभ्यासात ती माझ्या दुपटीनं हुशार होती. तरी तिच्यावर रिपीट करायची वेळ का आली, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. आदल्या मार्चमध्ये तिचा फिजिक्सचा पेपर पहिल्या मजल्यावर होता. तासभर तिनं झरझर लिहिलं. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी बाकं ओढायला लागलं. छत गडगडलं, पायाखाली बारीक थरथर आली, आणि ही पेन, पॅड, पेपर सगळं तिथंच टाकून मैदानात. परत वर जायला तिचे पाय तयार झाले नाहीत. तासाभराचं लिखाण आणि प्रॅक्टिकल यांवर ती पास झाली, पण मेडिकलला ते कुठलं पुरायला.

यंदाही पेपर कुठल्यातरी इमारतीतच होणार होता. बोर्डाकडं अर्ज करून तळमजला मागून घे, असं मी तिला सांगितलं. तिच्या वडिलांनी चौकशी केली होती. त्याला डॉक्टरचा दाखला लागत होता, आणि मनाचा आजार असं पोरीच्या नावापुढं लिहून घ्यायला मास्तर राजी नव्हते. उद्या स्थळ बघायला गेल्यावर तोच कागद पुढं आला तर काय, अशी त्यांची धास्ती. आणि ही पुन्हा निघून आली तर तिसरं वर्ष नाही, तेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. मला ते ऐकून संताप आला होता. ती मात्र म्हणाली, "दाखला तरी किती ठिकाणी दाखवू गं? मेडिकल कॉलेज काय तळमजल्यावरच भरतंय का?" म्हणजे वर्षभरात तिला एकच गोष्ट जमवायची होती. छत वाजलं तरी बाकावर बसून राहायचं. फिजिक्स तिला येतच होतं.

गणपती उठल्यावर कॉलेजच्या बॉटनीच्या मॅडम आमच्या वसतिगृहावर आल्या. विद्यापीठाचा युवक महोत्सव दसऱ्यानंतर नांदेडला होता आणि लोकनृत्याला आमच्या कॉलेजचा संघच नव्हता. सांस्कृतिक विभाग मॅडमच्या गळ्यात पडला होता. कॉलेजात रोज येणाऱ्या सहा मुली त्यांनी कशाबशा जमवल्या होत्या आणि उरलेल्या दोघींसाठी हजेरीपट उघडला तेव्हा त्यावर आम्ही दोघी सापडलो. "नाव हाय ना कॉलेजात? मग कधीतरी उजेडात या," मॅडम म्हणाल्या. मी लगेच हो म्हणाले. क्लासच्या शेडमध्ये दोनशे पोरांत बसून माझं डोकं पिकलं होतं. जोडीदारणीनं फक्त विचारलं की सराव कुठं होणार. वसतिगृहाच्या मागच्या अंगणात, उघड्यावर, असं कळल्यावर तीही हो म्हणाली.

नाच कुठला करायचा यावर दोन दिवस काथ्याकूट झाला. लेझीम पोरं करतात, कोळीनाच सगळेच करतात. शेवटी वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आगं पंचमीला फुगड्या खेळता का न्हाई? त्याच करा की." त्यावर सगळ्याजणी हसल्या. फुगडी काय, ती तर लहानपणापासून येतेच. मावशी पदर खोचून बाहेर आल्या आणि जोडीदारणीला हाताला धरून अशा काही फिरल्या की आमचं हसणं थांबलं. त्या दिवसापासून मॅडम नावाला आणि मावशी खऱ्या, असा कारभार सुरू झाला.

फुगडीत जोर पायांचा नसतो, हे मला मावशींनी शिकवलं. दोघींनी पायाचे अंगठे जवळ ठेवायचे, हात एकमेकींत अडकवायचे आणि मागं रेलायचं. एकीनं रेलायला कुचराई केली की दुसरी पडते. बोटं धरायची नाहीत, घामानं सुटतात. मनगट धरायचं. आणि खाली बघायचं नाही, जोडीदारणीच्या डोळ्यांत बघायचं, म्हणजे चक्कर येत नाही. मी पहिल्या आठवड्यात नेमकी बोटं धरायची आणि खाली बघायची. मावशी ओरडायच्या, "भुईत काय पुरलंय का तुझं? वर बघ!" चार जोड्यांत सगळ्यांत वाईट जोडी आमची होती आणि ती माझ्यामुळं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जोडीदारीण मात्र एकदा रेलली की पूर्ण रेलायची, राखून काही नाही. मी तिला म्हणाले, "मी सोडलं तर डोकं फुटंल की तुझं." ती म्हणाली, "सोडायचंच न्हाई ना मग."

महिनाभर संध्याकाळी पाच ते सहा आमचा हा उद्योग चालला. पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्या दिवशी सगळ्या बादल्या घेऊन नळाला, म्हणून सुट्टी. क्लासमध्ये रोज चाचणी असायची. चाचणीचे मार्क कार्डावर लिहून वडिलांना पाठवायची त्या क्लासची पद्धत होती. माझी दोन कार्डं मुरुडला अशी गेली की वडिलांनी दुकानातून फोन करून विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" मी बरी आहे म्हणाले. तब्येत खरंच झकास होती. भूक लागायची, झोप यायची, आणि संध्याकाळी पाच वाजायची मी वाट बघत असे. आम्ही आठही जणींनी घरून हिरवी इरकली लुगडी मागवली. आठ घरांतून आठ तऱ्हेचे हिरवे रंग आले आणि त्यावरून दोन दिवस अबोला झाला, पण शेवटी आहेत ती नेसायची ठरली.

नांदेडला आम्ही एसटीनं गेलो. महोत्सव विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजच्या मैदानावर होता. मुक्कामाच्या ठिकाणी नळाला धो धो पाणी. आम्ही लातूरच्या पोरी ते बघून इतक्या हरखलो की सकाळी एकेक जण दोनदा आंघोळ करून आली. मॅडम दारावर थापा मारत होत्या, "आगं नाचायला आलाव का धुणं धुवायला?" नाच दुपारी चारला होता आणि सकाळी दहाला प्रत्येक संघाला स्टेजवर पाच मिनिटं सराव करू देत होते.

आता जे घडलं ते सांगण्याआधी आमच्या जिल्ह्याची एक खोड सांगितली पाहिजे. ती पहाट होऊन गेल्यावर कितीतरी महिने आमच्याकडं लोक रस्त्यावर, अंगणात, अडत्यांच्या ओट्यावर झोपत. मुरुडला आमच्या दुकानाची मागची भिंत पडली तेवढीच, पण झोपलो आम्हीही बाहेरच. घरात झोपायची वेळ आलीच तर उशाशी तांब्यावर तांब्या रचून ठेवायचा. तो खडखडला की काही विचार न करता बाहेर. पांघरूण नाही, चप्पल नाही, कोण मागं राहिलं ते बाहेर गेल्यावर मोजायचं. लहानथोर सगळ्यांनी हे इतकं घोटून घेतलं होतं की पुढं कित्येक वर्षं ते अंगातून गेलं नाही. आपण ते विसरलो आहोत, असं मात्र प्रत्येकाला वाटत होतं.

मॅडमनी नांदेडला पत्र लिहून स्टेजची लांबी विचारली होती, रुंदी विचारली होती, माईक किती ते विचारलं होतं. स्टेज कशाचं आहे हे कुणालाच विचारायचं सुचलं नाही. ते होतं लोखंडी सांगाड्यावर अंथरलेल्या लाकडी फळ्यांचं आणि मागं आडोशाला पत्रे. आम्ही महिनाभर मातीवर खेळलेल्या. आठ जणी रांगेनं वर चढलो, टाळी दिली, आणि सोळा पाय एकदम आपटले.

फळ्या थरारल्या. मागचा पत्रा खडखड वाजला. त्यानंतरचं मला ओळीनं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी मैदानाच्या मधोमध उभी होते, अनवाणी, आणि आठही जणी तिथंच होत्या. मॅडम आमच्याही आधी पोचल्या होत्या. त्यांची पर्स खुर्चीवर राहिली होती आणि त्या बोटानं आम्हाला मोजत होत्या, एक, दोन, तीन. आठ भरल्यावर त्यांनी श्वास सोडला. मग त्यांच्या लक्षात आलं की आजूबाजूला शे-दीडशे पोरं आमच्याकडं तोंड वासून बघत आहेत.

माईकवाला म्हणाला, "लातूरचा संघ कुणाला सापडला तर स्टेजकडं पाठवून द्या." मैदानभर हशा पिकला. आम्हीही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. सात जणी आणि मॅडम. जोडीदारीण हसत नव्हती. ती पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसली होती, तिचे ओठ पांढरे पडले होते आणि लुगड्याचा काठ ती मुठीत आवळून धरत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "मी न्हाई चढणार त्याच्यावर."

मॅडमनी जाऊन आयोजकांना विचारलं की आम्ही स्टेजच्या पुढं जमिनीवर नाचलो तर चालेल का. नाही चालणार. माईक वर, परीक्षकांच्या नजरा वर. एक जोडी कमी करून नाचलो तर नियमात बसत नव्हतं. मॅडम चांगल्या होत्या. त्या जोडीदारणीला म्हणाल्या, "नको चढू बाई. नाव मागं घेऊ. काही बिघडत न्हाई." खरं तर बिघडत होतं. बाकीच्या सहा जणी तोंडं पाडून उभ्या होत्या.

आणि मग मी जे बोलले ते आजही मला नीट सांगता येत नाही, कारण ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मला राग लवकर येतो आणि आला की जीभ सुटते. मी तिच्यापुढं उभी राहून म्हणाले, "मग मार्चमधी बी पळ अशीच. मी खाली रिक्षा उभी करून ठेवते तुझ्यासाठी."

एकीनं माझं मनगट ओढलं. जोडीदारीण रडली नाही, चिडली नाही. ती काठ चाळवत बसली. मी तिथून निघून गेले, मांडवात जाऊन पुरी-भाजी घेतली आणि तशीच ठेवून दिली. आपण किती हलकट आहोत याचा हिशेब करत बसले होते, तेवढ्यात तीच मांडवात आली.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

"हाव," मी खोटं बोलले.

"मग चल."

जेवणाच्या सुट्टीत स्टेज रिकामं होतं. ती पायऱ्यांपाशी थांबली, वर चढली आणि बरोब्बर मध्ये जाऊन मांडी घालून बसली. दोन्ही तळवे फळ्यांवर टेकले. मला म्हणाली, "तू तिकडच्या टोकाला जा अन् उड्या मार."

"किती?"

"मी पुरे म्हणंतवर."

मी लुगडं खोचून उडी मारली. मागचा पत्रा वाजला. ती एका ढांगेत खाली. ती परत वर आली, बसली. मी उडी मारली. ती उठली, कडेपर्यंत गेली, थांबली, परत आली. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. मला धाप लागली. माझं वजन तेव्हाही काही कमी नव्हतं आणि सूर्य डोक्यावर होता. एकदा ती उठलीच नाही, नुसते डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "थांब. डोळे मिटले की वाईट होतं. मी तुझ्या पायाकडं बघते." ती माझ्या पायांकडं टक लावून बसली. पाय पडायचा, मग फळी थरथरायची. पाय पडायचा, मग थरथर. "आधी तुझा पाय अन् मग हे," ती म्हणाली. "त्या पहाटं आधी काहीच नव्हतं."

तेवढ्यात मांडववाल्याचा माणूस धावत आला. "ओ ताई, मोडता का काय स्टेज? मालक मला उलटा टांगतील!"

जोडीदारणीनं बसल्या जागेवरून त्याला विचारलं, "भाऊ, नीट बांधलंय का तुमी?"

"बांधलंय म्हणजे? हत्ती नाचवा वर!"

"मग हिला उडू द्या जरा."

तो माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून हसत निघून गेला. तोवर उरलेल्या सहा जणी आल्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि आम्ही सात जणी एकदम उडायला लागलो. पत्रा खडखडत होता, फळ्या नाचत होत्या आणि ती मध्ये बसून होती. घामानं तिचं पोलकं भिजलं होतं. शेवटी ती पुरे म्हणाली तेव्हा आम्ही होतो तिथंच आडव्या झालो.

चारला आम्ही नाचलो. कसं नाचलो ते मी मोठेपणानं सांगणार नाही. सुरुवातीचा पिंगा विसकटला, एकीचा काठ पायात आला. मग फुगडी. सगळ्या जोड्या एकदम फिरायला लागल्या तेव्हा फळ्या सकाळपेक्षा जास्त हलत होत्या. गंमत अशी की तिच्याकडं सगळ्यांचं लक्ष होतं आणि पाय माझे सुटायला लागले. उड्या मारताना थरथर माझी मी आणत होते. आता ती चोहीकडून येत होती आणि कुणाच्या पायाची कुठली ते कळत नव्हतं. मला खाली बघायचं होतं, हात सोडायचे होते. ती दात आवळून म्हणाली, "इकडं बघ." तिनं माझी मनगटं अशी धरली होती की पुढं आठ दिवस नखांच्या खुणा राहिल्या. मी तिच्याकडं बघितलं आणि ती पूर्ण मागं रेलली.

पहिला नंबर लेझमीला गेला. आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं, आठ जणींत मिळून एक. मावशींनी परत आल्यावर विचारलं, "पळालाव म्हणं?" ही बातमी आमच्या आधी लातूरला कशी पोचली देव जाणे. त्या रात्री जेवताना त्यांनी सगळ्यांच्या भाकरीवर तूप जास्त वाढलं, एवढंच. संघ तिथंच संपला. दिवाळीनंतर क्लासनं रविवारही धरले आणि अंगणात यायला कुणाला वेळ उरला नाही. आपण तो महिनाभर किती सुखात होतो, ते मला तेव्हाच कळत होतं. मागाहून कळलं असं नाही.

मार्चमध्ये आम्हा दोघींचे नंबर एकाच शाळेत आले. तिचा दुसऱ्या मजल्यावर आणि वर आणखी एक मजला. माझा तळमजल्यावर. अदलाबदल करता आली असती तर मी तिथल्या तिथं केली असती. इंग्रजीच्या पेपरला वरचा मजला रिकामा होता, काही आवाज झाला नाही. ती खाली येऊन म्हणाली, "आज काय झालंच न्हाई, मग कळणार कसं?" फिजिक्सच्या सकाळी आम्ही बरोबर चालत गेलो. जिन्यापाशी मी तिला काहीतरी धीराचं बोलणार होते, पण मला तसलं येत नाही. तिनं पॅड बगलेत धरलं आणि ती वर गेली.

माझा बाक दारालगत होता आणि दारातून जिना दिसत होता. प्रश्नपत्रिका सोपी होती, हे मी आधी सांगते. पहिले दोन प्रश्न मी भराभर लिहिले. साधारण पाऊण तास झाला असेल, तेव्हा वर कुठंतरी घरघर सुरू झाली. अगदी खालीसुद्धा ऐकू आली. कुणीतरी बाकं ओढत होतं. मी पेन ठेवलं आणि जिन्याकडं बघितलं. कुणी आलं नाही. मी पेन उचललं, एक ओळ लिहिली, पुन्हा बघितलं. पावलं वाजली. पाण्याची कळशी घेऊन शिपाई उतरला. पुन्हा घरघर. चौथा प्रश्न मला पाठ होता, त्यातली आकृतीसुद्धा. आकृती अर्धी काढली आणि माझे डोळे पुन्हा दाराकडं. ती आली तर मी काय करणार होते, कोण जाणे. उठून तिला परत वर ढकलणार होते की तिच्याबरोबर मैदानात जाऊन बसणार होते, मी काहीच ठरवलेलं नव्हतं. पर्यवेक्षक सर जवळ येऊन म्हणाले, "दाराकडं काय बघायलीस? कोण येणार हाय का?" मी नाही म्हणाले. ते गेले आणि मी बघत राहिले. तिसऱ्यांदा बाकं ओढली तेव्हा तर मी पेन खाली ठेवूनच दाराकडं बघत होते. शेवटची दहा मिनिटं राहिल्याची घंटा झाली तेव्हा माझ्या उत्तरपत्रिकेची निम्मी पानं कोरी होती.

पेपर सुटल्यावर पोरांचा लोंढा जिन्यावरून आला. त्यात ती नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सगळ्यांत शेवटी ती आली, बोटांना शाई, कपाळावर शाई.

"ओढली गं बाकं. तीनदा ओढली," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? लिहीत बसले. पुरवण्या घेतल्या दोन." आणि ती हसायला लागली. तशी हसताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "तुझा कसा गेला?"

त्या क्षणी मला तिचा राग आला, तो लपवून काय करू? ही वर निवांत पुरवण्या भरत होती आणि मी खाली बसून माझं वर्ष घालवलं होतं. रडूही येत होतं आणि तिला मिठीही मारावीशी वाटत होती. मी म्हणाले, "बरा गेला."

तिला मेडिकल मिळालं. माझं बी.एस्सी.तलं नाव खरं झालं, आणि ज्या कॉलेजच्या शिपायानं मला पाहिलं नव्हतं त्याला मी तीन वर्षं रोज दिसले. वडिलांनी दुकानात डॉक्टरची गोष्ट काढायचं बंद केलं, मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि ते मला आवडलं. आमची दोस्ती टिकली. माझ्या पोरांना ताप आला की मी तिच्याकडंच जाते. दवाखान्यात कुणी बसलेलं असलं की ती माझी ओळख करून देते, "ही माझी फुगडीची जोडीदारीण. लई हुशार होती, मेडिकलला सहज लागली असती. पण फिजिक्स तेवढं हिला जड जायचं."

मी हाव म्हणते.